तित्सियान ताबिद्झे : पास्तरनाकच्या आठवणींतून वाचताना (वाचकांच्या मंचावरचा धागा; प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

पानगळ

जॉर्जियन कवी तित्सियान ताबिद्झे (१८९५–१९३७) आपल्याकडच्या बहुतेक वाचकांना रशियन कवी बोरिस पास्तरनाकमुळे माहीत होतो. त्यामुळे त्याची जी प्रतिमा मनात बसते ती पास्तरनाकने रंगवलेली असते. ती खरी आहे आणि फार प्रेमाने रंगवलेली आहे, पण पूर्ण नाही. तिच्या शेजारी काय काय ठेवून वाचलं तर माणूस नीट दिसतो, याची जुळवाजुळव इथे करू या.

आधी पुस्तकाचा घोळ. पास्तरनाकची आत्मचरित्रपर पुस्तकं दोन. पहिलं १९३१चं, 'सेफ कंडक्ट' या इंग्रजी नावाने मिळतं. ते कवी मायकोव्हस्कीच्या मृत्यूपाशी संपतं आणि त्यात तित्सियान नाही. अनेक जण तेच आणतात आणि निराश होतात. आपल्याला हवं ते दुसरं, १९५६ साली लिहिलेलं. कवितांच्या एका नियोजित संग्रहाची प्रस्तावना म्हणून ते लिहिलं, पण तो संग्रह निघालाच नाही. रशियात ते 'नोवी मीर' मासिकाच्या जानेवारी १९६७च्या अंकात आलं, म्हणजे लेखक गेल्यानंतर सात वर्षांनी. इंग्रजीत मात्र १९५९ सालीच दोन भाषांतरं निघाली : मान्या हरारी यांचं 'ॲन एसे इन ऑटोबायोग्राफी' आणि डेव्हिड मॅगरशॅक यांचं 'आय रिमेम्बर'. नावं वेगळी असली तरी मजकूर एकच आहे, दोन्ही विकत घेऊ नका.

आता आत कुठे बघायचं. शेवटाकडे 'तीन सावल्या' नावाचा भाग आहे. तीन सावल्या म्हणजे रशियन कवयित्री मारिना त्स्वेतायेवा, तित्सियानचा कवीमित्र पाओलो याश्विली आणि तित्सियान. पण फक्त तेवढाच भाग वाचला तर पाओलोचा मृत्यू हातातून निसटतो. तो काही पानं आधी, मायकोव्हस्कीबद्दलच्या भागात येतो. तिथे पास्तरनाक आत्महत्या केलेल्या लेखकांचा एकत्र विचार करतो आणि पाओलोची शेवटची रात्र, झोपलेल्या मुलीकडे बघणारा बाप, अगदी थोडक्यात उभी करतो. तिथेच दस्तयेव्हस्कीच्या 'डेमन्स' कादंबरीतल्या शिगाल्योवचा उल्लेख येतो. अमर्याद स्वातंत्र्यापासून निघून अमर्याद हुकूमशाहीपाशी पोचणारी योजना मांडणारं ते पात्र. स्टालिनच्या दमनाच्या १९३७ सालाला पास्तरनाकने त्याचं नाव दिलं आहे. ही खूण कळली नाही तर तो परिच्छेद नुसता शोकाचा वाटतो, त्यातला आरोप दिसत नाही.

तित्सियानबद्दल तो काय सांगतो? पाओलो सगळा बाहेर फेकला जाणारा, बैठकीचा, तेजस्वी. तित्सियान आत वळलेला, त्याची प्रत्येक ओळ आणि प्रत्येक पाऊल त्याच्या मनाच्या तळाशी बोलावणारं. कवितेत सांगितलेल्यापेक्षा न सांगितलेलं जास्त आहे असं सतत जाणवतं, आणि त्या राखून ठेवलेल्या साठ्यातूनच त्या कवितेची कडवट गोडी येते, असं त्याचं निरीक्षण आहे. एका कवीने दुसऱ्या कवीबद्दल इतकं नेमकं लिहिलेलं फार कमी वेळा वाचायला मिळतं.

आणि काय सांगत नाही? अटक, चौकशी, निनाची, म्हणजे तित्सियानच्या पत्नीची, दीड तपाहून लांब वाट पाहणी. यातलं काहीच नाही. ते पत्रांत आहे.

वाचनाचा क्रम मी असा सुचवेन : आधी तित्सियानच्या पाच-सहा कविता, मग 'तीन सावल्या', मग पास्तरनाकची जॉर्जियन मित्रांना लिहिलेली पत्रं, मग रशियन लेखक इल्या एरेनबुर्गच्या आठवणींतला जॉर्जियाचा भाग, आणि शेवटी पुन्हा 'तीन सावल्या'. पत्रं आधी वाचली तर पुढचं ठाऊक असल्यामुळे कविता फक्त भविष्यवाणी म्हणून वाचली जाते. तो तिच्यावर अन्याय आहे.

उंबरठा

पानगळताई, धागा उत्तम. एक भर : ताबिद्झे दोन आहेत. तित्सियान आणि गालाक्तिओन (१८९२–१९५९). दोघं नात्यातले, दोघंही पश्चिम जॉर्जियात वानीच्या परिसरातले, आणि जॉर्जियात दोघांनाही पहिल्या नावाने ओळखतात. त्यामुळे भाषांतरात नुसतं 'ताबिद्झे' दिसलं की गोंधळ ठरलेला.

ओळखायच्या खुणा : 'मेरी', 'म्तात्स्मिंदाचा चंद्र' (दोन्ही १९१५) आणि १९१९चा 'आर्टिस्टुली क्वाविलेबी' हा संग्रह गालाक्तिओनचा. ओर्पिरीच्या दलदलीच्या, खाल्डियाच्या (प्राचीन बॅबिलोनियाच्या) आणि कवितेला दरडीची उपमा देणाऱ्या कविता तित्सियानच्या. 'निळी शिंगं' (त्सिस्पेरी कान्त्सेबी) हा गट कुताइसीत १९१५-१६च्या सुमारास उभा राहिला. तित्सियान, पाओलो, वालेरियान गाप्रिंदाश्विली, ग्रिगोल रोबाकिद्झे हे त्यातले. गालाक्तिओन त्यात नव्हता. शिंग म्हणजे मद्य प्यायचं शिंग, जॉर्जियन मेजवानीतलं. निळा रंग फ्रेंच आणि रशियन प्रतीकवाद्यांकडून आला. गटाचा सगळा कार्यक्रमच त्या दोन शब्दांत आहे.

गालाक्तिओनची पत्नी ओल्गा ओकुजावा हिला सप्टेंबर १९४१ मध्ये ओर्योलजवळ गोळ्या घातल्या. तो स्वतः १७ मार्च १९५९ला तिबिलिसीत रुग्णालयाच्या खिडकीतून उडी मारून गेला. या दोन शोकांतिका एकमेकींत मिसळलेले लेख खूप फिरतात. 'ताबिद्झेने खिडकीतून उडी मारली' असं तित्सियानच्या फोटोखाली लिहिलेलं दिसलं तर तो लेख तिथेच सोडा.

तळटीप

तारखा एकदा नीट मांडतो, कारण चुका बहुतेक इथेच होतात.

जन्म : जुन्या (जुलियन) पंचांगाने २१ मार्च १८९५, नव्याने (ग्रेगोरियन) २ एप्रिल. एकोणिसाव्या शतकात फरक १२ दिवसांचा, १ मार्च १९०० पासून १३ दिवसांचा. काही ठिकाणी सरसकट १३ मिळवून ३ एप्रिल केलेलं असतं, ते चूक. तित्सियान स्वतः कवितेत आपला जन्म एप्रिलचा, सफरचंदाच्या बहराचा सांगतो. तो नव्या पंचांगाने बोलतोय, त्यात विसंगती काही नाही.

शहराचं नाव : १९३६पर्यंत अधिकृत तिफ्लिस, मग तिबिलिसी. पास्तरनाक १९५६ सालीही जुन्या सवयीने तिफ्लिस म्हणतो. १९३६च्या 'नोवी मीर'च्या दहाव्या अंकातल्या त्याच्या कवितामालिकेची अर्पणपत्रिकाही तिफ्लिसच्या मित्रांनाच आहे. भाषांतरात सगळीकडे तिबिलिसी करून टाकू नये, काळ पुसला जातो.

भेटी : पाओलो पत्नीसह मॉस्कोत पास्तरनाककडे गेला होता. पुढे पास्तरनाकचा संसार मोडला. त्याला आणि झिनाइदा नॉयहाउसला (पुढे त्याची दुसरी पत्नी) डोकं टेकायला जागा नव्हती, तेव्हा पाओलोने दोघांना आपल्याकडे बोलावलं. हा १९३१चा उन्हाळा. तित्सियानची ओळख तिथे झाली. दुसरी भेट नोव्हेंबर १९३३, लेखकांच्या पथकाबरोबर. तिसरी ऑक्टोबर १९४५, जॉर्जियन कवी निकोलोझ बाराताश्विलीच्या मृत्यूच्या शताब्दीला. तेव्हा तित्सियान नव्हता. शेवटची १९५९च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि तेव्हा मुक्काम निनाच्या घरी.

शेवट : पाओलोने २२ जुलै १९३७ला तिबिलिसीच्या लेखक संघाच्या इमारतीतच शिकारी बंदुकीने स्वतःवर गोळी झाडली. ती इमारत म्हणजे कोन्याकचे उत्पादक दावित साराजिश्विली यांचा जुना वाडा. तित्सियानला १० ऑक्टोबरला अटक झाली आणि १६ डिसेंबर १९३७ला गोळ्या घातल्या. मधले दिवस मोजले तर सदुसष्ट. घरच्यांना हे १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत कळलं नाही.

म्हणजे 'तीन सावल्या' लिहिताना पास्तरनाककडे ही बातमी ताजी होती. तो १९३७च्या नव्हे, नुकत्याच कळलेल्या मृत्यूबद्दल लिहितोय. प्रकरणाचा सूर त्यामुळे असा आहे.

पानगळ

तळटीप, शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. म्हणूनच मला तो मजकूर स्मरणलेखापेक्षा तर्पणासारखा वाटतो. त्यात भूतकाळ आहे, पण अंतर नाही.

मात्रावृत्त

कवितेच्या बाजूने लिहितो. पास्तरनाक तित्सियानला जॉर्जियनमध्ये वाचत नव्हता, आणि हे त्याच्या आठवणी वाचताना लक्षात ठेवायला हवं. त्याची पद्धत अशी : जॉर्जियन जाणकार शब्दाला शब्द ठेवून रशियन कच्चा खर्डा करून देत, रशियनमध्ये त्याला 'पदस्त्रोच्निक' म्हणतात, म्हणजे ओळीखालची ओळ. मूळ कविता वाचून दाखवली जाई, म्हणजे ताल कानावर पडे. मग पास्तरनाक स्वतःची रशियन कविता बांधी. या कामातून १९३५ साली 'ग्रुझिन्स्किये लिरिकी' हा संग्रह निघाला.

यात कुठे गळती होते? जॉर्जियन छंद अक्षरसंख्येवर चालतो. शब्दावरचा आघात हलका असतो. रशियन छंद आघातांच्या ठरावीक जागांवर चालतो. तित्सियानची सगळ्यात प्रसिद्ध कविता, कविताच मला लिहिते असं सांगणारी, पाच-पाच अक्षरांच्या दोन तुकड्यांत चालते, म्हणजे ओळीला १० अक्षरं आणि मध्ये स्वच्छ यती. पास्तरनाकच्या रशियनमध्ये सुरुवातीच्याच ओळी १३ आणि १२ अक्षरांच्या, लघु-गुरू चालीच्या होतात. वाक्य एका ओळीतून दुसरीत सांडतं. मुळात ओळीशी विधान संपतं. त्यामुळे मूळ कविता शपथेसारखी ऐकू येते आणि रशियन कविता बोलण्यासारखी. रशियन वाईट नाही, उलट थोर आहे, पण ती चाल पास्तरनाकची आहे.

जॉर्जियन न येता ओळ मोजायची असेल तर लिपी शिका. ३३ अक्षरं, मोठी-लहान लिपी असा भेद नाही, जे लिहिलं ते वाचायचं. स्वर पाच : अ, ए, इ, ओ, उ. ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही. जितके स्वर तितकी अक्षरं. व्यंजनांची कितीही गर्दी असो, ती मोजायची नाही : म्तात्स्मिंदा म्हणजे म्ता-त्स्मिन्-दा, तीनच. हे मराठी वाचकाला जड जाऊ नये, अभंगाची ६-६-६-४ अक्षरं आपण याच हिशेबाने मोजतो. चूक होते ती गण पाडायला बसलं की. लघु-गुरू इथे शोधू नका.

नेहमी भेटणारे साचे : मध्ययुगीन कवी रुस्तावेलीचा शाइरी छंद १६ अक्षरांचा, त्याचे दोन प्रकार, ४-४-४-४ आणि ३-५-३-५. बेसिकी या अठराव्या शतकातल्या कवीच्या नावाचा बेसिकुरी १४ अक्षरांचा, ५-४-५.

कृष्णाकाठ

एरेनबुर्गबद्दल. त्याचा तित्सियान पास्तरनाकच्या तित्सियानपेक्षा अकरा वर्षांनी तरुण आहे, म्हणून तो हवाच. १९२०च्या शरद ऋतूत एरेनबुर्ग क्रिमियातून तिफ्लिसला पोचला, रशियन कवी ओसिप मांडेलश्टाम आणि त्याचा भाऊही तिथे आले. तेव्हा जॉर्जिया स्वतंत्र होता, २६ मे १९१८ पासून. रेड आर्मी २५ फेब्रुवारी १९२१ला तिफ्लिसमध्ये शिरली. म्हणजे शेवटच्या पाच-सहा महिन्यांतलं हे शहर. उपाशी आलेल्या कवींना पाओलो आणि तित्सियान जेवू घालतात, शहर दाखवतात, गाणी ऐकवतात. कोटाच्या काजात लाल कार्नेशन खोवणारा, कपाळावर केस ओढलेला तित्सियान याच काळातला. रुस्तावेली नाट्यगृहाच्या तळघरात 'किमेरिओनी' कॅफे चालू होता. त्याच्या भिंती लादो गुदियाश्विली, दावित काकाबाद्झे आणि सर्गेई सुदेइकिन यांनी रंगवल्या होत्या.

एरेनबुर्ग १९६०च्या सुमारास, आठवणींच्या मोठ्या ग्रंथात हे लिहितोय. मासिकाच्या संपादकांच्या आणि सेन्सॉरच्या नजरेखाली. म्हणून त्याच्याकडे मेजवान्या भरघोस आणि राजकारण विरळ. माणसांच्या हालचाली, कपडे, आवाज यासाठी त्याच्यावर विसंबावं, स्वतंत्र जॉर्जियाच्या मेन्शेविक सरकारबद्दलच्या मतांसाठी नाही.

आणि फक्त मित्रांचं ऐकू नका. मांडेलश्टामने तित्सियानची 'बर्नामचं अरण्य' ही कविता रशियनमध्ये नेली, पण १९२२च्या जॉर्जियन कलेवरच्या लेखात 'निळ्या शिंगां'वर कडक टीकाही केली. हे लोक रशियन आधुनिकतेच्या कौतुकावर वाढलेले आहेत, जॉर्जियाचं खरं बळ कवी वाझा-प्शावेलात आहे, असा त्याचा रोख. मला ती टीका तित्सियानच्या १९२५ नंतरच्या कवितेला लागू होत नाही असं वाटतं, पण सुरुवातीच्या खाल्डियाच्या कवितांना बरीच लागते. मित्रांच्या आठवणींत ही बाजू येणार नाही.

उंबरठा

कृष्णाकाठ, सहमत. रशियन कवी येसेनिन (१९२४-२५) आणि आंद्रेइ बेली यांचाही उल्लेख हवा. दोघंही तिबिलिसीत राहिले, दोघांशी तित्सियानची दाट मैत्री. येसेनिनची जॉर्जियाच्या कवींना उद्देशून कविता आहे. तित्सियानचं घर रशियन कवींसाठी वीस वर्षं उघडं होतं. पास्तरनाक त्या रांगेत बराच उशिरा आला. त्याच्या आठवणी वाचताना वाटतं की तोच एकटा पाहुणा होता.

तळटीप

बेसिकीचं नाव वर आलं, म्हणून एक सावधगिरी. चौकशीत साथीदारांची नावं विचारली तेव्हा तित्सियानने एकच नाव दिलं, बेसिकी, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. बेसिकी १७९१ साली वारला होता, म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी. गोष्ट तित्सियानला शोभणारी आहे. पण ती पास्तरनाकच्या 'तीन सावल्यां'त नाही. भाषांतराच्या प्रस्तावनेत घ्यायची असेल तर 'असं सांगतात' एवढंच लिहा, आणि तिला पास्तरनाकच्या तोंडी घालू नका. चौकशीच्या कोठडीतलं संभाषण कुठल्याही मित्राने ऐकलेलं नसतं.

केवडा

'तीन सावल्या' मराठीत आणायचा विचार असेल तर हक्कांचं काय? आणि इंग्रजीवरून केलं तर चालेल का?

तळटीप

केवडाताई, भारतीय कायद्यात मुदत लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षं. पास्तरनाक ३० मे १९६०ला गेला, म्हणजे १ जानेवारी २०२१ पासून रशियन मूळ आपल्याकडे खुलं आहे. हा मजकूर भाषांतररूपाने त्याच्या हयातीतच प्रसिद्ध झाला, म्हणून मरणोत्तर प्रकाशनाचा नियम लागू नाही. तित्सियानच्या कविता तर त्याच्या कितीतरी आधीपासून खुल्या.

इंग्रजी भाषांतरांचा हिशेब स्वतंत्र. हरारी १९६९ साली वारल्या, मॅगरशॅक १९७७ साली. म्हणजे अनुक्रमे २०२९ आणि २०३७च्या अखेरपर्यंत हक्क शाबूत. इंग्रजीवरून मराठी करायचं तर परवानगी लागेल. पत्रं लेखकाच्या मृत्यूनंतर १९६०च्या दशकात प्रसिद्ध झाली, त्यांची ६० वर्षं प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून मोजायची. एरेनबुर्ग १९६७ साली गेला, तिथे २०२७ संपेपर्यंत थांबा. छापण्यापूर्वी प्रकाशकाच्या वकिलाकडून हे तपासून घ्यावंच.

मात्रावृत्त

आणि रशियनवरूनच करा, इंग्रजीवरून नको. पास्तरनाकची वाक्यं लांब असतात, विशेषणांची रांग लावून शेवटी नाम ठेवणारी. ती वळणं मराठीला छान मानवतात. इंग्रजीत ती तोडलेली असतात, मग मराठीत तुकडे तुकडे होतात.

नावं : 'त्स' आणि 'द्झ' हे उच्चार आपल्याला घरचे आहेत, 'चाक'मधला च आणि 'जहाज'मधला ज. पण लेखनात नुसतं 'ताबिजे' केलं तर वाचक 'जेवण'मधल्या ज-ने वाचेल, म्हणून 'ताबिद्झे' ठेवावं. '-श्विली' आणि '-द्झे' हे आडनावांचे शेवट आहेत, दोन्हींचा अर्थ अपत्य किंवा पुत्र. जॉर्जियन कवीला पास्तरनाक पत्रात कधी नावाने हाक मारतो, कधी रशियन रीतीने पित्याचं नाव जोडतो. पहिल्यांदा टीप द्या आणि पुढे एकच रूप वापरा.

पानगळ

केवडा, टिपा करताना पत्रं हाताशी ठेव. दोन तर नक्की.

पहिलं ८ एप्रिल १९३६चं, तित्सियानला. तेव्हा 'रूपवादा'विरुद्धची (आशयापेक्षा रूपाला महत्त्व देण्याविरुद्धची) सरकारी मोहीम चालू होती, सभांमधून लेखकांना झोडपलं जात होतं. पास्तरनाक त्याला सांगतो की बाहेरच्या कुणावर विसंबू नको, जमिनीत भोक पाडणाऱ्या गिरमिटासारखा खोल जा, पण स्वतःत जा. वीस वर्षांनी 'तीन सावल्यां'त तो तित्सियानला 'आत जगणारा' म्हणतो, त्याचं मूळ या पत्रात आहे. तिथे तो सल्ला होता, इथे वर्णन झालं आहे. ही जोड दाखवणारी टीप मराठी वाचकाला पन्नास चरित्रात्मक टिपांपेक्षा जास्त देईल.

दुसरं २८ ऑगस्ट १९३७चं, पाओलोच्या पत्नीला, तमाराला. पाओलो जाऊन महिना उलटला होता, तित्सियान अजून सहा आठवडे बाहेर असणार होता. अशा मृताबद्दल टपालाने शोक कळवणं म्हणजे काय, हे त्या वर्षाचं कॅलेंडर समोर ठेवल्याशिवाय कळत नाही. म्हणून त्या पत्राच्या टिपेत तीनच तारखा द्याव्यात : २२ जुलै, २८ ऑगस्ट, १० ऑक्टोबर.

निनाला लिहिलेली पत्रं १९३७ ते १९५९ अशी पसरली आहेत. मानधनातून पैसे पाठवणं, भाषांतराची कामं, तित्सियान जिवंत असेल ही आशा, मग ती संपणं. त्यांतलं एखादंच निवडून परिशिष्टात टाकू नये. एक तर सलग द्यावीत, नाही तर टिपेत सारांश द्यावा. एकेकटं पत्र वाचलं की पास्तरनाक उदार दाता दिसतो. सलग वाचली की दिसतं, बऱ्याच वेळा धीर निनाच त्याला देतेय.